कोरी फळी

१

थोरल्याने पहिल्या पेटीचं झाकण उचललं, आणि काहीच झालं नाही.

मधमाश्यांच्या पेटीचं झाकण उचललं की काहीतरी व्हायलाच हवं. गुणगुण चढते, पहारेकरी माश्या चाल करून येतात, एखादी बोटाला डसते आणि माणूस शिवी हासडतो. इथे नुसता मधाचा आणि ओलसर लाकडाचा वास आला. चौकटी जागच्या जागी होत्या, चौकटींत मध होता, आणि तो खायला घरात कुणी नव्हतं. दुसरी पेटी तशीच. तिसरीही तशीच. पुढची झाकणं थोरल्याने उचललीच नाहीत, नुसता हात करून दाखवला.

भिंगवाल्या बाई उघड्या पेटीवर वाकल्या. मधमाश्या पाळणाऱ्यांच्या संघाच्या त्या तपासनीस. गळ्यात कायम भिंग लोंबत असायचं, त्यावरून हे नाव पडलं आणि मग चिकटलंच. या कामात त्यांचे केस पिकले होते, पण आजवर त्यांना कुणी वेळेवर म्हणून बोलावलं नव्हतं. रोगी गेल्यावर डॉक्टरला दाखल्यापुरतं बोलवावं, तसं लोक त्यांना बोलवत. बाई जात, कारण सांगत, आणि कारण कळल्याने एकही माशी परत येत नाही हे पुन्हा एकदा बघून घरी येत. हल्ली त्यांना वाटायला लागलं होतं, की हे सगळं सोडावं आणि भिंग पेपर वाचायला वापरावं.

"विष घातलंय," थोरला म्हणाला. "कुणी घातलं ते मी सांगतो. कसं घातलं, तेवढं तुम्ही शोधा."

तो एका ओंडक्यावर बसला. मूळचा उंच माणूस, पण वर्षभरात पार वाकला होता. बोलताना त्याच्या हातांना चाळा लागे. खिशातला चाकू काढून तो वाळकी डहाळी तासत होता. दोन्ही टोकं बेताने कापायची, काडी शर्टाच्या खिशात टाकायची, दुसरी घ्यायची. मन थाऱ्यावर नसलं की हाताला काहीतरी लागतंच, असं बाईंना वाटलं.

"कुणी?" त्यांनी विचारलं.

थोरल्याने चाकूनेच पलीकडे दाखवलं. आवाराच्या मधोमध तारेचं कुंपण होतं, आणि त्यापलीकडच्या पेट्यांवर माश्यांची नुसती झुंबड उडाली होती. "माझा धाकटा भाऊ. आवार एक, झाडं तीच, पाणी तेच. माझ्या झाडून सगळ्या गेल्या आणि त्याची एकही नाही. याला काय योगायोग म्हणायचं?"

"भांडण झालं होतं?"

"वर्षभर धड बोलणं नाही. मला काम शिकवायला आला होता. त्याच्या बोटाला धरून मी त्याला पेटी उघडायला शिकवलं, आणि तो मला सांगणार." थोरल्याने काडी खिशात टाकली. "उद्या सकाळी त्याचा टेम्पो येतोय. पेट्या उचल आणि चालता हो म्हणून सांगितलंय. पुन्हा त्याचं तोंड बघायचं नाही. पण जायच्या आधी, तू हे असं केलंस, म्हणून मला त्याच्या तोंडावर सांगायचंय."

आईवडील लवकर गेले तेव्हा थोरल्याने आणि त्याच्या बायकोने या धाकट्याला लहानाचा मोठा केला, हे सगळ्या संघाला ठाऊक होतं. त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. बायको गेल्या वर्षी गेली. म्हणजे उद्या तो टेम्पो फाटकाबाहेर पडला, की या माणसाला आपलं म्हणायला कुणी उरणार नव्हतं.

त्यांनी एक चौकट उन्हात धरली. पिलांच्या घरांवरची मेणाची टोपणं खचली होती, काहींना मधोमध भोकं पडली होती. पिनेने एक टोपण उचकटून त्यांनी भिंग लावलं. घराच्या छताला पांढरे ठिपके होते. आत अर्धीमुर्धी वाढलेली माशी होती, पंख चुरगळलेले, आणि तिच्या पोटाला एक तांबूस दाणा चिकटला होता.

"दादा, हे विष नाही," बाई म्हणाल्या. "विषाने माश्या दारात ढिगाने पडतात. तुमच्या दारात ढीग नाही. हे माइटचं काम आहे."

थोरल्याच्या हातातला चाकू थांबला.

"शक्यच नाही," तो म्हणाला. "मी दर आठवड्याला मोजतो. माझ्या फळ्या कोऱ्या असतात."

२

माइट म्हणजे गोचिडीच्या जातीची, मोहरीहून लहान कीड. माशीच्या अंगाला चिकटते, पिलांच्या घरात शिरून वाढते, आणि मग ज्या माश्या जन्मतात त्या लुळ्या. पेटी एका दिवसात मरत नाही, आतल्या आत ओसरत जाते. उपाय सोपा आहे. औषधाच्या पट्ट्या मिळतात, त्या चौकटींच्या मध्ये टांगायच्या. पण उगाच टांगत बसलं तर माइट औषधाला सरावते, म्हणून आधी मोजणी आणि मग औषध, असा संघाचा नियम होता. मोजायला पेटीच्या जाळीच्या तळाखाली पांढरी फळी सरकवायची. माश्यांच्या अंगावरून गळालेल्या माइट तिच्यावर पडतात. जास्त दिसल्या तर पट्ट्या, नाहीतर नाही.

थोरला नाकासमोर चालणारा माणूस. फळ्या कोऱ्या, म्हणून त्याने पट्ट्या लावल्या नव्हत्या. सामानाच्या खोलीत फडताळावर पट्ट्यांचं पाकीट होतं, न फोडलेलं. शेजारी स्वच्छ कापडावर एक काचेची बरणी पालथी ठेवली होती. झाकणाच्या जागी बारीक जाळी बसवलेली. बाकीच्या फडताळावर बोटभर धूळ होती, बरणीवर कणभरही नव्हती.

बाईंनी हात पुढे केला.

"तिला हात लावू नका," थोरला म्हणाला. "ती हिची आहे."

बाईंनी हात मागे घेतला. हिची म्हणजे बायकोची, हे त्यांना सांगावं लागलं नाही.

एका पेटीत अजून मूठभर माश्या जिवंत होत्या. राणीभोवती गोळा होऊन त्या कशाबशा तग धरून होत्या, पण आता त्यांना औषध लावूनही काही उपयोग नव्हता. थोरल्याने त्या पेटीखालची फळी ओढली आणि पुराव्यासारखी बाईंपुढे धरली.

"बघा. पाहिजे तर भिंगातून बघा."

बाईंनी बघितलं. फळीवर मेणाचा चुरा ओळीने पडला होता, वरच्या चौकटींच्या रांगा जशा असतात तशा. मध्येच परागाचा पिवळा कण. एक मुंगी कडेने चालली होती, ती थोरल्याने न बघताच अंगठ्याने पुसून टाकली. माइट एकही नव्हती.

"फळीला काही चिकट लावता का?"

"कशाला? चिकट लावायचं ते मुंग्यांसाठी. माझ्या पेट्यांचे पाय तेलात आहेत. मुंगी चढणार कुठून?"

ते खरं होतं. पेट्या लाकडी घोड्यांवर ठेवलेल्या होत्या, घोडीच्या प्रत्येक पायाखाली एकेक वाटी होती आणि वाटीत तेल काठोकाठ होतं. थोरल्याचं काम असंच, बोट ठेवायला जागा नाही. तरीही वर पेटीत माइट बुजबुजल्या होत्या आणि खाली फळी कोरी होती. दोन्ही गोष्टी एकदम खऱ्या कशा असतील, हे बाईंना समजेना.

थोरल्याला मात्र समजलं होतं. त्याचा चेहरा कठीण झाला.

"म्हणजे विष नाही घातलं त्याने," तो सावकाश म्हणाला. "त्याहून वाईट केलं. पहाटे माझ्याआधी येऊन तो फळ्या पुसत होता."

३

बाई दुपारी औषधवालीकडे गेल्या. नाक्यावरचं दुकान, बियाणं आणि फवारणीच्या डब्यांनी कोंबलेलं. औषधवालीने आधी काखा वर केल्या.

"माझ्या पट्ट्या अस्सल आहेत, बाई. धाकटा नेतो, त्याचं काही बिघडलं का? थोरल्यांनी पाकीट नेलं ते फोडलंच नसेल तर मी काय त्यांच्या घरी येऊन टांगू?" मग तिचा आवाज उतरला. "त्यांची बायको होती तोवर ती घासाघीस करायला यायची. पट्ट्या लागल्याच तर म्हणून भाव ठरवून ठेवायची, आणि मग माझ्याच समोर पिशवीतली पिठीसाखर चाखायची. फार गोड बाई. तेलाच्या डब्यात पडलेली माशी चमच्याने काढून बसायची. मी म्हणायचे, अहो, एक माशी. तर म्हणायची, तिला ते माहीत नाही ना."

औषधवालीने डोळ्यांना पदर लावला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाने किंमत विचारताच काढलाही.

शेजारचा बागवाला फळझाडांच्या सावलीत पाइपला गाठ मारत होता. त्याला आपल्याकडे बोट दाखवलं जाणार हे आधीच कळलेलं दिसत होतं.

"फुलोरा असताना मी फवारत नाही, आणि फवारलं असतं तरी माझं औषध थोरल्याची माशी कुठली, धाकट्याची कुठली, हे विचारून मारत नाही," तो म्हणाला.

यात खोट नव्हती. बाई निघाल्या.

"एक सांगू का?" बागवाला मागून म्हणाला. "वडाची साल पिंपळाला लावायची मला सवय नाही. पण धाकट्याला मी पहाटे बघितलाय. एकदा नाही, बऱ्याचदा. थोरल्याच्या पेट्यांपाशी उभा असायचा. वाकायचा, इकडेतिकडे बघायचा. हातात काहीतरी असायचं, ते मला बघितल्यावर खिशात घालायचा."

४

धाकटा टेम्पोसाठी पेट्यांना दोऱ्या बांधत होता. तोंडवळ्याने थोरल्यासारखाच, फक्त अजून ताठ. बाईंनी आडपडदा न ठेवता विचारलं.

"पहाटे दादाच्या पेट्यांपाशी काय करत होतास?"

त्याने दोरीची गाठ पुरी केली, मग सोडली, मग पुन्हा बांधली.

"हातात पट्ट्या असायच्या," तो म्हणाला. "दारातल्या माश्या लुळ्या दिसत होत्या. कुंपणावरूनसुद्धा दिसायच्या. म्हटलं, झाकण उचलायचं, पट्टी टांगायची, झाकण ठेवायचं. दादाला कळणारही नाही."

"मग?"

"नाही टांगल्या." त्याने बाईंकडे बघितलं नाही. "दुसऱ्याची पेटी न विचारता उघडायची नाही. ही दादाचीच शिकवण. लहानपणी एकदा शेजाऱ्याचं झाकण उचललं म्हणून त्याने माझ्याशी दिवसभर बोलणं टाकलं होतं. पेटीपाशी जायचो, वाकायचो, आणि हात पुढे होईना. परत यायचो. मनाला म्हणायचो, दादाची फळी कोरी आहे म्हणतोय ना, मग कोरी असेल. दादा मोजणीत चुकत नाही."

बाईंनी विचारलं, "भांडण कशावरून झालं?"

"बरणीवरून. वहिनी फळीने मोजायचीच नाही. पिलांच्या चौकटीवरच्या माश्या बरणीत घ्यायच्या, वर पिठीसाखर टाकायची, हळू घोळवायच्या. साखरेने माइटची पकड सुटते. मग जाळीतून साखर ताटलीत झटकली की माइट दिसतात, आणि माश्या पांढऱ्याफटक होऊन घरी जातात. दादा हसायचा, तुझ्या माश्या लग्नाला निघाल्या म्हणायचा. वहिनी गेल्यावर त्याने बरणी पालथी घातली आणि फळ्या सुरू केल्या. मी म्हटलं, दादा, वर्षानुवर्षं बरणीने चाललंय, ते मोडू नकोस. तर म्हणाला, त्या बरणीला हात लावलास तर तुझा माझा संबंध संपला. तेव्हापासून सगळंच बिनसलं." त्याने हाताच्या पाठीने तोंड पुसलं. "पण मी फळ्या पुसल्या नाहीत, बाई."

"ते मला माहीत आहे."

धाकट्याने दोरी खाली ठेवली.

"फळीवर मेणाचा चुरा जसाच्या तसा ओळीने आहे," बाई म्हणाल्या. "पुसणाऱ्याने पुसलं असतं तर चुराही गेला असता. माणूस चुरा ठेवून तेवढ्या माइट वेचत बसेल का? हे ज्याला मेण नको, फक्त माइट हवी, त्याचं काम आहे."

हे बोलता बोलता त्यांना थोरल्याचा अंगठा आठवला, मुंगी पुसून टाकणारा.

"घरात व्हॅसलीन आहे?" त्यांनी विचारलं.

५

त्या मूठभर माश्यांच्या पेटीखाली बाईंनी संध्याकाळी फळी सरकवली होती. अर्ध्या भागाला व्हॅसलीन, अर्धा भाग तसाच कोरा. सकाळी टेम्पो यायच्या आत त्यांनी ती ओढली तेव्हा धाकटा शेजारी उभा होता.

कोऱ्या अर्ध्यात मेणाचा चुरा होता आणि दुसरं काही नव्हतं. व्हॅसलीनच्या अर्ध्यात तांबूस ठिपके रुतून बसले होते, बाई मोजता मोजता थांबल्या इतके. आणि त्या भागाच्या कडेला बारीक मुंग्या अडकल्या होत्या. एकीच्या तोंडात अजून माइट होती.

"वरून पडते आणि या नेतात," बाई म्हणाल्या. "फळीवर काही उरतच नाही. तुझ्या दादाने वर्षभर मुंग्यांचं उष्टं मोजलं."

"पण मुंग्या आल्या कुठून? पाय तर तेलात आहेत."

बाई मातीत आडव्या झाल्या. या वयात असं आडवं होणं त्यांच्या जिवावर येई, पण उभ्याने हे दिसणारं नव्हतं. वाटी तेलाने भरली होती. तेलात एक काडी होती. तिचं एक टोक वाटीच्या काठावर, दुसरं घोडीच्या पायाला टेकलेलं. काडीवरून मुंग्यांची रांग शिस्तीत वर चालली होती. बाईंनी पुढची वाटी बघितली. तिच्यात काडी. त्यापुढची, तिच्यातही. प्रत्येक वाटीत एकेक काडी, ताजी, दोन्ही टोकं चाकूने बेताने कापलेली.

तो चाकू कुणाचा, हे बाईंना कळलं, आणि कळलं नसतं तर बरं झालं असतं असंही वाटलं.

धाकटा गुडघ्यांवर बसला होता.

"वहिनीच्या काड्या," तो म्हणाला. "तेलात पडलेल्या माशीला चढून यायला काहीतरी हवं, म्हणून ती घालायची. माश्यांना प्यायला ठेवतो त्या पाण्याच्या परातीत आपण सगळेच घालतो ना, तशा. जुनी काडी तेलाने मऊ झाली की नवी. माझ्या वाट्यांत घालायला आली होती तेव्हा मी नको म्हटलं, तेल वाया जातं म्हणून. ती गेल्यावर दादाने..."

त्याने पुढे बोलायची गरज नव्हती. बाईंच्या डोक्यात सगळं ओळीने लागलं. काड्या वर्षानुवर्षं होत्या, मुंग्याही तेव्हापासून येत असणार, पण त्यांनी कुणाचं काही बिघडत नव्हतं, कारण मोजणी बरणीत होत होती. बायको गेली. नवऱ्याने तिची एक गोष्ट जपली आणि दुसरीला हात लावू शकला नाही. काड्या रोज बदलल्या, बरणी पालथी ठेवली. दोन्ही प्रेमापोटीच. यातलं एकच काही केलं असतं तर माश्या जगल्या असत्या.

"दादाला हे सांगू नका," धाकटा म्हणाला.

"मग काय सांगू?"

"मी फळ्या पुसल्या म्हणा. विष घातलं म्हणा. त्याला तसंही तेच वाटतंय."

"तू काही केलेलं नाहीस."

"तेच तर," धाकटा म्हणाला. "पट्ट्या हातात होत्या आणि मी काही केलं नाही. खापर कुणाच्या तरी डोक्यावर फुटणारच आहे. माझ्या फुटू दे. वहिनीच्या नको."

रस्त्यावर टेम्पोचा हॉर्न वाजला.

६

बाईंनी आयुष्यात कारण कधी लपवलं नव्हतं. कारण हीच एक गोष्ट त्यांच्याकडे द्यायला असे. शिवाय त्यांच्या मनात एक वेडी आशा होती, की सत्य कळलं तर थोरला फाटकाकडे धावेल आणि टेम्पो थांबवेल. माश्या गेल्या त्या गेल्या, निदान भाऊ राहील.

थोरला सामानाच्या खोलीत बसला होता. बाईंनी त्याच्यापुढे फळी ठेवली. कोरा अर्धा, ठिपक्यांचा अर्धा. त्याने भिंग मागून घेतलं, मुंग्या बघितल्या, माइट बघितल्या.

"पाय तेलात आहेत, बाई," तो म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

बाईंनी वाटीतली काडी त्याच्या तळहातावर ठेवली. तो मुरलेला माणूस होता, त्याला पुढचं सांगावं लागलं नाही. तो त्या काडीकडे बघत राहिला. तेल तळहाताच्या रेषांत पसरलं.

"ही होती तेव्हाही काड्या होत्या," तो म्हणाला. "तेव्हा का नाही मेल्या?"

"तेव्हा त्या बरणीने मोजायच्या. फळीवर कुणी विसंबून नव्हतं."

"म्हणजे मी बरणी घेतली असती तर दिसलं असतं."

"हो."

"पहिल्याच खेपेला?"

इथे बाईंना खोटं बोलता आलं असतं. नंतर त्यांना फार वाटलं, की बोलायला हवं होतं.

"हो," त्या म्हणाल्या.

थोरल्याने काडी शर्टाच्या खिशात ठेवली, बाकीच्या काड्यांत. बाहेर धाकटा हमालाला सांभाळून उचल म्हणून सांगत होता, त्याचा आवाज आत येत होता.

"संघात काय सांगणार?" थोरल्याने विचारलं.

"जे आहे ते."

"नको. धाकट्याने केलं म्हणून सांगा."

"दादा, तो निर्दोष आहे. आत्ता तुम्ही तुमच्या डोळ्यांनी बघितलंत."

"बघितलं. त्याने काही केलेलं नाही, हे मला कळतंय." तो शांतपणे बोलत होता, आणि त्या शांतपणाचीच बाईंना भीती वाटली. "पण भाऊ वाईट निघाला, हे मला सोसेल. सकाळी उठून त्याला शिव्या घालीन, दिवस जाईल. हिच्या काड्या मी माझ्या हाताने कापून तिथे ठेवत गेलो आणि त्यावरून मरण आत गेलं, हे घेऊन मला उठता येणार नाही. मला कुणीतरी दुसरा लागतो, बाई."

"त्याचं काय व्हायचं मग?"

"तो तरणा आहे. त्याच्या माश्या जिवंत आहेत."

बाईंनी शेवटचा उपाय केला. "त्यानेही माझ्याकडे हेच मागितलंय. तुमच्यासाठी. दोष माझ्यावर घाला म्हणाला, वहिनीच्या नावाला धक्का नको."

थोरल्याचे डोळे एकदम भरून आले. त्याने ते लपवले नाहीत.

"तो तसाच आहे," तो म्हणाला. "हिने वाढवलाय."

तो उठला, आणि बाहेर फाटकाकडे चालायला लागला. बाई मागोमाग निघाल्या. आता बोलेल, असं त्यांना वाटलं. एक वाक्य पुरे होतं. वाक्यसुद्धा नको, नुसता हात धरला असता तरी चाललं असतं.

टेम्पो भरून झाला होता. जाळी लावलेल्या दारांच्या आतून माश्यांची घुमघुम येत होती. धाकटा दादाला बघून खाली उतरला आणि मान खाली घालून उभा राहिला. थोरल्याने पेट्यांभोवतीच्या दोऱ्या एकेक ओढून बघितल्या.

"ही ढिली आहे," तो म्हणाला. "आवळून घे. पुढे खड्डे आहेत."

"हो, दादा."

"दारं सगळी लावलीस?"

"लावली."

थोरल्याने मान हलवली आणि बाजूला झाला. धाकट्याने थोडी वाट पाहिली. मग दोरी आवळली, पुढे जाऊन ड्रायव्हरशेजारी बसला, आणि टेम्पो सुरू झाला. वळणापर्यंत तो मागे बघत होता, हे बाईंना टेम्पोच्या आरशात दिसलं. थोरल्याला दिसलं नाही, कारण तो फाटकाला साखळी लावत होता.

बाईंनी कारण शोधलं होतं, खरं शोधलं होतं, आणि ते दोन माणसांनी त्यांच्या हातात जसंच्या तसं परत दिलं होतं. संघात त्या खरं सांगणार होत्या. पण थोरला ते नाकारणार, धाकटाही नाकारणार, आणि गुन्हा कबूल करणारा समोर असताना मुंग्यांवर कुणाचा विश्वास बसणार नव्हता.

निरोप घ्यायला म्हणून त्या आवारात वळल्या. थोरला पहिल्या पेटीशी गुडघे टेकून बसला होता. वाकताना त्याला त्रास होत होता, हात घोडीला धरून तो खाली झुकला होता. वाटीतली जुनी काडी त्याने काढून टाकली. खिशातून नवी काढली, टोकावरून अंगठा फिरवून ती नीट कापली आहे ना ते बघितलं, आणि तेलात ठेवली. एक टोक काठावर, एक टोक पायाला.

वर पेटी रिकामी होती. तेलात पडायलाही आता कुणी उरलं नव्हतं. थोरला उठला आणि दुसऱ्या वाटीकडे वळला.